सख्खा भाऊ, भरलेला

आमच्या गावात घराशी नातं नसलेला गॅसचा सिलिंडर घरात ठेवता येत नाही. नियम जुना आहे आणि चांगला आहे. परक्याला कोणी असं घरात आणून उभं करतं का?

स्वयंपाकाच्या सिलिंडरचा प्रश्न येत नाही, कारण तो सगळ्यांच्या घरी आत्या म्हणून लागतो. महिना-दीड महिन्याने एक आत्या जाते, दुसरी येते. आत्या हे आमच्याकडे पद आहे, त्या पदावर कोणी का असेना. शिवाय आत्या बोलत नाहीत. ज्वलनशील असल्यामुळे त्यांनी तोंड उघडायचं नसतं, आणि हे त्यांच्या अंगावरच लिहिलेलं असतं. मला आवडतात आत्या. आल्या, ओट्याखाली बसल्या, काम केलं, गेल्या.

भानगड सुरू झाली ती आमच्या ह्यांच्या बिअरमुळे.

हे म्हणजे मुकुंद खटावकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जन्मभर कालव्याचं पाणी कोणाला किती सोडायचं ते ह्यांनी ठरवलं, त्यामुळे निवृत्तीनंतर घरात बसून काहीतरी सोडायला मिळावं म्हणून हे तळमळत होते. हायवेवरचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथून नळाची बिअर देणारा फ्रिज ह्यांनी टेम्पोत घालून आणला. आत बिअरचं पिंप, वर पितळी नळ. नळ ओढला की ग्लासात फेसासकट बिअर. पण बिअर आपण होऊन वर चढत नाही, तिला मागून गॅसने ढकलावं लागतं. गॅस म्हणजे सोड्यात असतो तोच. त्याचा सिलिंडर वेगळा येतो. उंच, काळपट, खांदे जरा पडलेले, चेहरा गरीब.

तो दारात उतरतो न उतरतो तोच नगरपालिकेच्या नाते विभागातले ओहोळसाहेब मागोमाग जिना चढून आले. ओहोळसाहेब सज्जन माणूस. चपला बाहेर काढतात, पाणी दिलं तर उष्टं ठेवत नाहीत.

"कोण लागतात हे तुमचे?" त्यांनी विचारलं.

"बिअरचा सिलिंडर आहे," हे म्हणाले.

"ते दिसतंय मला. मी नातं विचारतोय."

ह्यांनी लगेच साताऱ्याला थोरल्या भावाला फोन लावला. खटावकरांच्या बाजूने चुलतभाऊ म्हणून लावून घेता येईल का, असं विचारलं. थोरले म्हणाले, "आपल्या घराण्यात बिअरचा सिलिंडर नव्हता आणि माझ्या हयातीत होणार नाही." फोन आपटला. थोरले स्वतः श्रावण सोडून बाकी वर्षभर काय काय घेतात ते मला ठाऊक आहे, पण जाऊ दे.

"मग बाईंच्या माहेरच्या बाजूने बघू," ओहोळसाहेब म्हणाले. "तिकडे कुठली जागा रिकामी आहे?"

मी दारात उभी राहून कोथिंबीर निवडत होते. "भावाची," मी म्हणाले.

बोलून तर गेले. मी आईबापांची एकटी. भाऊबीजेला मी गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळते. चंद्राबद्दल माझी काही तक्रार नाही, पण इतक्या वर्षांत त्याने एकदाही 'कशी आहेस' म्हणून विचारलेलं नाही. एसटीच्या आरक्षण खिडकीत मी नोकरी केली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी खिडकीसमोर नुसत्या बहिणींची आणि भावांची झुंबड. मी त्यांना तिकिटं फाडून देत होते आणि मनातल्या मनात चरफडत होते. आता लपवायचं कशाला?

"सख्खा की मानलेला?" ओहोळसाहेबांनी विचारलं.

"मानलेला चालेल की," हे म्हणाले. बिअरची घाई झाली होती ह्यांना.

"सख्खा," मी म्हणाले.

"नाव?"

आमच्या अण्णांनी मुलगा झाला तर ठेवायचं म्हणून एक नाव ठरवून ठेवलं होतं. ते तसंच पडून होतं. मी ते दिलं. अशा रीतीने त्या दिवशी दुपारी प्रभाकर माझा सख्खा भाऊ झाला. खांद्यावर त्याच्या जन्माचं साल ठोकलेलं होतं. ते बघून ओहोळसाहेबांनी तो धाकटा असल्याचं जाहीर केलं.

"आता ठेवायचं कुठे?" ते म्हणाले. "बहिणीच्या घरी आलाय म्हणून कुठेही कोंबायचा नाही. कायम उभा राहील, आडवा कधीच करायचा नाही, झोपायलासुद्धा नाही. छातीशी साखळी घालून भिंतीला बांधायचा. ऊन नको. खिडकी उघडी हवी. चुकून सुटलाच तर ह्यांचा श्वास जमिनीलगत बसतो, तेव्हा ह्यांच्या खोलीत कोणी खाली गादी घालून झोपायचं नाही."

ह्यांनी आधी माळा सुचवला. ओहोळसाहेबांनी नुसतं बघितलं. मग कोठीची खोली झाली, तिला खिडकी नाही. स्वयंपाकघरात आत्या. न्हाणीघरात, हे म्हणाले. मी म्हटलं, "माझा भाऊ न्हाणीघरात? तुमच्या बहिणीला कुठे झोपवते मी आल्यावर?" मग बाल्कनी ठरली. ह्यांनी त्याला तिरका करून लोळवत लोळवत बाल्कनीत नेला आणि साखळीसाठी भिंतीत भोक पाडायला घेतलं.

तेव्हा प्रभाकर पहिल्यांदा बोलला.

"ताई, उन्हात नको."

ह्यांच्या हातातलं ड्रिल खाली पडलं. आवाज डोक्यावरच्या गॅस सोडायच्या किल्लीपाशी बारीक स्स् होऊन येत होता, पण शब्द स्वच्छ होते. मला 'ताई' म्हणणारं दुनियेत कोणी नव्हतं. बसमधले कंडक्टर म्हणायचे, पण ते सगळ्यांनाच म्हणतात.

"ऐकलंत ना?" मी ह्यांना म्हटलं. "आत घ्या त्याला."

अखेर हॉलमध्ये उत्तरेच्या खिडकीशी, जिथे ह्यांची टीव्ही बघायची खुर्ची असते, तिथे प्रभाकरला बांधला. खुर्ची पंख्यापासून लांब गेली. फ्रिज त्याच्या शेजारी आला, नळी जोडली, आणि ह्यांनी पहिला ग्लास भरून वर धरून बघितला. चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या मुलीच्या, ऋजुताच्या, बारशालाही बघितला नव्हता.

"वा, प्रभाकरराव!" हे म्हणाले.

"घ्या, दाजी," प्रभाकर म्हणाला.

इथपर्यंत सगळं छान होतं. हे संध्याकाळी ग्लास घेऊन बसायचे आणि दुपारी मी बसायचे. माझ्याकडे साठलेलं फार होतं. अण्णा कसे शिट्टी वाजवत सायकलवरून यायचे, आई परसात केळीच्या बुंध्याशी बसून कशी रडायची, मी मॅट्रिकला पहिली आले तेव्हा पेढे कसे घरीच पडून राहिले. भावाला हे माहीत असायला हवं. तो ऐकायचा आणि मधूनच विचारायचा.

"आई का रडायची?"

"तू झाला नाहीस म्हणून."

"उशीर झाला गं," तो म्हणायचा.

मला हसू यायचं आणि डोळ्यांत पाणीही यायचं. त्याच्या डोक्यावर गॅस किती आहे ते दाखवणारं घड्याळ होतं. मी रोज पुसताना काट्याकडे बघायचे. काटा जागचा हलत नव्हता. मला वाटलं, भावाचा साठा संपत नसतो.

एप्रिलमध्ये ऋजुताचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याला नोकरी करते, मुलगा तिच्याच ऑफिसातला, शंतनू बोरगावकर. मी तिला फोनवरच सांगितलं, तुझ्यामागे मांडवात प्रभाकरमामा उभा राहणार.

"मामा सिलिंडर आहे, आई?"

"सख्खा आहे."

ती म्हणाली, "चालेल. माझ्या मैत्रिणीच्या मामाने मांडवात केटररशी मारामारी केली होती. आपला शांत आहे ना?"

शांत तर होताच. शिवाय मामाला मांडवात करायचं काय असतं? मुलीला आतून घेऊन यायचं आणि तिच्यामागे ताठ उभं राहायचं. जन्मभर उभंच राहिलेल्या माणसाहून चांगला मामा कुठे मिळणार? नाहीतर माझा थोरला मावसभाऊ फेटा बांधून टपलेलाच होता. त्याला मामा करायचं म्हणजे पुढची दहा वर्षं त्याच्या तोंडून ते ऐकत बसायचं. पण खरं सांगायचं तर मावसभावाचा राग हे निमित्त. गुरुजींनी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं म्हटल्यावर माझ्या माहेरचं कोणीतरी उठलेलं मला बघायचं होतं. माझं दुसरं काही मागणं नव्हतं त्या लग्नात.

आणि मे उजाडला तसा काटा हलला. नुसता हलला नाही, सकाळी एका रेघेवर होता तो संध्याकाळी दुसऱ्या रेघेवर. मी घाबरून गॅस डेपोत फोन केला. तिथले याकूबभाई म्हणाले, "बाई, ह्या गॅसचं असंच असतं. आत पाण्यासारखा पातळ असतो तोवर काटा जागेवर. पातळ संपला की मग भरभर उतरतो. आता थोडाच राहिलाय. रिकामा द्या, दुसरा भरलेला पाठवतो."

"दुसरा नको. हाच भरून द्या."

"भरायचे सगळे लांब मोठ्या प्लांटला जातात. तिथे पाण्याने धुतात, दाब देऊन बघतात, रंग मारतात. आणि गॅस नवीन म्हणजे माणूस नवीन. तो तुम्हाला ताई म्हणेलच असं नाही."

मी ओहोळसाहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि खाली मान घालून सांगितलं, "काटा शून्यावर आला की नातं संपतं. आत्याचं तसं नाही, ते पद आहे. सख्खा भाऊ हे पद नाही. आणि एक विचारू का? तुम्ही त्यांना बोलायला लावता का?"

"रोज दुपारी."

"त्याच्यातही जातो हो. बिअरला जातो त्याहून थोडा कमी, पण जातो."

इतके दिवस मी ह्यांच्या ग्लासांकडे डोळे वटारत होते आणि दुपारी स्वतः बसून भावाला संपवत होते. प्रभाकर सगळं ऐकत होता. त्याला हे आधीपासून माहीत असणार. मी त्याला म्हटलं, "आधी सांगता येत नव्हतं?"

तो काहीच बोलला नाही. शहाणा होता.

त्या दिवसापासून घरात आणीबाणी. मी किल्ली घट्ट बंद केली, नळी काढली, प्रभाकरशी बोलायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. ह्यांचं तोंड बघवत नव्हतं. पिंपात बिअर भरलेली, वर नळ चकाकतोय आणि हे ताकाचा ग्लास घेऊन बसलेत.

"नलू, अर्धा ग्लास," हे म्हणाले.

"अर्ध्या ग्लासात माझ्या भावाचं काय काय जाईल माहितीये?"

"अगं, लग्नाला दोन तास उभं राहायचंय त्यांना. गॅस काय करायचाय उभं राहायला?"

"शून्यावर आला तर तो माझा कोणी लागत नाही. मग काय परका सिलिंडर उभा करू मुलीमागे?"

हे परत ताकाकडे वळले. पाटबंधाऱ्यात असताना धरणाच्या तळाला राखून ठेवलेलं पाणी ह्यांनी कोणालाही सोडलेलं नव्हतं, त्यामुळे मुद्दा ह्यांना पटला असावा. पण चेहरा लांबच होता.

मुकाट्याने दिवस काढणं ह्यांच्यापेक्षा मला जड गेलं. दुपारी मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि तोंड मिटून भाजी चिरायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "तू बोलू नकोस, मीच बोलते." तेवढ्यावर त्याने "बरं" म्हटलं. काटा हलताना मी डोळ्यांनी बघितला. मी उठून गॅलरीत गेले आणि एका 'बरं'साठी भरपूर रडून घेतलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बोरगावकर मंडळी आली. सीमांतपूजन संध्याकाळी कार्यालयात होतं, पण व्याही, त्यांचे दोन भाऊ आणि एक मेव्हणे असे चौघं सकाळीच घर बघायला म्हणून आले. चहा झाला, पोहे झाले. व्याह्यांची नजर नळावर गेली.

"अरे वा! शंतनू म्हणत होता खरं. आणि हे मुलीचे मामा?"

"हो. प्रभाकर," मी म्हणाले.

"नमस्कार मामा," व्याही म्हणाले. मी पदर तोंडाशी धरून प्रभाकरला खुणेने 'नको' म्हटलं. त्याने उत्तर दिलं नाही. व्याह्यांच्या कपाळावर आठी आली.

"बोलत नाहीत वाटतं आमच्याशी?"

"घसा बसलाय," हे म्हणाले.

"मग बिअरने सुटेल की! मामांकडून एकेक ग्लास झालाच पाहिजे. मुलाकडच्यांचा मान असतो हा."

असला मान मी जन्मात ऐकला नव्हता. पण व्याही तो मुहूर्ताच्या आदल्या दिवशी काढत होते, आणि सोबतच्या तिघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "ऊन फार आहे, कोकम सरबत करते." व्याही म्हणाले, "राहू द्या वहिनी. नसेल जमत तर राहू द्या." हे 'राहू द्या' कसलं असतं ते मुलीच्या आईला सांगावं लागत नाही. आतल्या खोलीत ऋजुताच्या हातावरची मेंदी वाळत होती. तिने दारातून माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे बघितलं.

"ताई," प्रभाकर म्हणाला, "नळी लाव."

"तू गप्प बस!" मी ओरडलेच.

"भाचीचं लग्न आहे."

मला वाटतं ते त्याचं त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य होतं. काट्याने ते लगेच वजा केलं. आता आणखी बोलायला लावण्यापेक्षा नळी लावणं स्वस्त होतं. मी नळी लावली आणि किल्ली उघडली.

ह्यांनी व्याह्यांचा ग्लास भरला. मग एका भावाचा, मग दुसऱ्याचा. हे नळाकडे बघत नव्हते, डोळा काट्यावर होता. मेव्हण्यांच्या ग्लासाला फेस कमी आला. व्याह्यांनी आपला ग्लास रिकामा करून मिशा पुसल्या आणि पुन्हा पुढे केला. "फर्स्टक्लास! आणखी एक."

पिंप अजून अर्धं होतं. हलवलं तर आतून डुचमळल्याचा आवाज आला असता.

"संपली," हे म्हणाले.

"एवढ्यात?"

"पिंपच लहान होतं हो." आणि बिअरसाठी महिनाभर ताकावर काढलेल्या माझ्या नवऱ्याने नळाच्या दांड्याला फडकं गुंडाळून गाठ मारली. मी पुढे होऊन किल्ली बंद केली. काटा शून्यापासून एवढासाच वर होता, तांदळाचा दाणा मध्ये मावला असता.

लग्नाच्या दिवशी प्रभाकरला कार्यालयात न्यायला याकूबभाईंनी हातगाडी दिली. सरळ उभा, साखळी बांधलेली. डोक्यावर मी गुलाबी फेटा बांधला, घड्याळ दिसेल एवढी जागा ठेवून. ओहोळसाहेब लग्नाला आलेच होते, आहेर घेऊन. पण कामात कसूर नाही. त्यांनी चष्मा लावून काट्याकडे वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मावसभाऊ त्यांच्या मागेच फेटा सावरत उभा होता.

"वर आहे," ओहोळसाहेब म्हणाले. "मामा चालतील. फक्त बोलायचं नाही, मामा."

गुरुजींनी माइकवर पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं. आणि माझ्या माहेरचा माणूस निघाला. पुढे ऋजुता, तिच्यामागे प्रभाकर, गाडीला हात लावून मी. चाकं कुरकुरत होती. शंतनूकडच्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, मामा उंच आहेत हो मुलीचे. मला तिथेच मोठ्याने हसावंसं वाटलं. मंडपाच्या खांबाला साखळी अडकवली आणि मी बाजूला झाले.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. ह्यांच्या बहिणीने एक म्हटलं, ते नेहमीसारखं वरच्या पट्टीतून खाली आपटलं. शंतनूच्या काकांनी एक म्हटलं. प्रत्येकाच्या शेवटी सगळा हॉल एका सुरात 'सावधान' म्हणत होता आणि प्रभाकर गप्प उभा होता. माझे ओठ हलत होते आणि डोळे काट्यावर. शेवटचं मंगलाष्टक आलं. अक्षता धरलेले हात वर गेले. गुरुजींनी शेवटचा शब्द लांबवला, हॉलने उचलला, आणि त्यात बारीक, स्वच्छ, स्स् करत, एक आवाज माझ्या ओळखीचा होता.

"सावधान," प्रभाकर म्हणाला.

अंतरपाट दूर झाला. ताशेवाले सुरू झाले. ऋजुताने हार घालायच्या आधी मागे वळून मामाकडे बघितलं, गुरुजी 'पुढे बघा, पुढे बघा' म्हणत होते. अक्षता फेट्यावर पडल्या, खांद्यावर पडल्या. काटा शून्यावर होता. मी त्याला रागावणार होते, पण मला काही रागावता आलं नाही. मामाने भाचीच्या लग्नात एवढंही म्हणायचं नाही तर कधी म्हणायचं?

पाठवणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी याकूबभाईंचा टेम्पो आला. त्यात एक नवा भरलेला सिलिंडर उभा होता, ताज्या रंगाचा, चेहऱ्यावर काही नसलेला. ओहोळसाहेबही आले. म्हणाले, "नवीन आलाय तर ह्यांचं नातं आत्ताच लावून टाकू. आणि जुने तुमचे आता कोणी नाहीत. ते देऊन टाका."

"देणार नाही," मी म्हणाले.

"बाई, नातं नसलेला सिलिंडर घरात ठेवता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

मी एसटीच्या खिडकीत उभं आयुष्य काढलंय. समोरच्याचा नियम त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा, हे मला येतं. "नियम कशासाठी आहे साहेब? आत गॅस असतो म्हणून ना? ह्याच्या आत काय आहे?"

ओहोळसाहेबांनी मनातल्या मनात नियम पहिल्यापासून म्हणून बघितला असावा. "रिकामा असेल तर ती वस्तू," ते शेवटी म्हणाले. "वस्तू ठेवायला नातं लागत नाही."

"मग ठेवते."

"तुमची मर्जी," याकूबभाई म्हणाले. "पण रिकामा दिल्याशिवाय आम्ही भरलेला देत नाही. आमची पद्धतच आहे ती. आणि भरलेला नाही तर बिअर नाही."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. पिंप अर्धं भरलेलं होतं हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. ह्यांनी नळाला मारलेली फडक्याची गाठ एकदा हाताने चाचपली.

"घेऊन जा तो भरलेला," हे म्हणाले. "माझ्याने रोज रोज नवीन मेव्हण्याशी ओळख करून घेणं व्हायचं नाही."

टेम्पो गेला. ओहोळसाहेब लग्नातले दोन लाडू घेऊन गेले. पितळी नळ आणि फ्रिज ह्यांनी एका ढाब्यावाल्याला देऊन टाकला. प्रभाकर खिडकीशी तसाच उभा आहे. वारा येतो, ऊन येत नाही. दुपारी मी त्याच्यासमोर बसून बोलते, आणि आता काट्याकडे बघावं लागत नाही. ऋजुता फोन करते तेव्हा आधी 'बाबा कसे आहेत' विचारते, मग 'मामा कसा आहे'.

परवा संध्याकाळी ह्यांनी कोपऱ्यावरून बिअरची बाटली आणली, ग्लासात ओतली, उजेडात धरून बघितली.

"फेस नाही येत हो तुमच्यासारखा, प्रभाकरराव," हे म्हणाले आणि उत्तराची वाट बघत थांबले.

"त्याला बोलायला लावू नका," मी आतून म्हटलं. "लग्नाची दगदग झालीय त्याला."

"बरं," हे म्हणाले, आणि आवाज बारीक करून टीव्ही लावला.